परक्या कुत्र्यावर धांवून जाणारा राखणदार

भाद्रपद सरत आला, हळवें भात पिकूं लागलें आणि गरवें निसवण्याच्या बेतांत आलें, कीं शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेतकऱ्यांचें लक्ष पुढील कामांकडे लागतें. विळ्यांना धार लावणें, खळें तयार करणें, वाल-हरभऱ्याचें बीं पाहून ठेवणें आणि दिवाळीनंतर घाटावरून उतरणाऱ्या मेंढपाळांशीं कळप बसविण्याची बोलणी करणें, हीं तीं कामें होत. या यादींत आणखी एका कामाची भर घालावी, अशी आमची सभासदांस विनंती आहे. आपल्या घरचा राखणदार कुत्रा परक्या कुत्र्यास पाहतांच बेभान होत असेल, तर त्यास शांत राहण्याची संवय लावणें, हें तें काम होय.

हें काम क्षुल्लक आहे असें कित्येकांस वाटेल. आम्हांसहि तसेंच वाटत असे. परंतु त्या समजुतीची किंमत आम्हांस चांगलीच भरावी लागली. ती हकीकत प्रथम सांगतों, म्हणजे पुढील विवेचनाचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानांत येईल.

कांहीं वर्षांपूर्वीं तानसा खोऱ्यांतील आमच्या शेतावर मोती नांवाचा कुत्रा होता. माणसांशीं तो अतिशय मायाळू. लहान मुलांनीं शेपटी ओढली तरी गुरगुरत नसे. परंतु दुसरा कुत्रा दृष्टीस पडला, कीं त्याचें भान हरपे. त्या वर्षीं कार्तिकांत एका वृद्ध मेंढपाळानें आमच्या दोन खाचरांत तीन रात्री कळप बसविण्याचें कबूल केलें. पहिल्याच सायंकाळीं मोती दोरी तोडून कळपाच्या कुत्र्यांवर तुटून पडला. दोन कुत्रे रक्तबंबाळ झाले, मेंढरें बिथरून जाळ्याबाहेर उधळलीं आणि एक गाभण मेंढी बांधावरून पडून मेली. मेंढीची भरपाई आम्ही दिली. तथापि दुसरे दिवशीं पहांटे मेंढपाळानें कळप हलविला. जातांना तो एवढेंच म्हणाला, “मालक, कुत्रं खोडीचं न्हाई. भ्यालंया त्ये. मारूं नगा त्याला.”

आम्हीं त्याचें ऐकलें नाहीं. मोतीला काठीनें झोडपलें आणि गोठ्याबाहेर आंखूड साखळीनें बांधून टाकलें. दोन्ही खाचरें लेंडीखतावांचून राहिलीं. मोती दिवसभर साखळीस हिसके देई आणि वाटेनें जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्यावर भुंके. हळूहळू त्याचें भुंकणें घरांतील कोणी मनावर घेईनासें झालें. मार्गशीर्षांतील एका रात्रीं तो पुष्कळ वेळ भुंकला. कोणी उठलें नाहीं. सकाळीं गोठ्याबाहेर साखळी व तुटलेला पट्टा एवढेंच पडलेलें आढळलें. बिबट्या त्यास घेऊन गेला होता.

आपल्या भागांत या प्रश्नाचें महत्त्व

मुंबईस पाणी पुरविणारें तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें आणि भोवतालच्या जंगलास १९७० सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. या जंगलांत बिबट्याचा वावर आहे हें येथील शेतकऱ्यांस सांगावयास नको. बिबट्या गांवाजवळ येतो तो पुष्कळदां कुत्र्याच्या लोभानें. सह्याद्रीच्या माथ्यावर, आपल्या दोन्ही तालुक्यांस लागून असलेल्या अकोले तालुक्यांत विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्याच्या आहाराची पाहणी केली. ती २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. वजनाच्या हिशेबानें तेथील बिबट्यांच्या भक्ष्यांत पाळीव जनावरांचा वांटा ८७ टक्के होता, आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा वांटा ३९ टक्के होता. म्हणजे आपण ज्यास राखणदार म्हणतों तोच बिबट्याचें मुख्य खाद्य ठरला. साखळीनें उघड्यावर बांधलेल्या कुत्र्यास पळतां येत नाहीं व लपतांहि येत नाहीं.

दुसरी गोष्ट भुंकण्याच्या मोलाची. राखणदार कुत्रा कोणत्या वेळीं भुंकत नाहीं, यावर त्याच्या भुंकण्याचें मोल ठरतें. पाड्यावरचें प्रत्येक कुत्रें पाहून जो आरडाओरड करतो, त्याच्या आवाजांतून बिबट्या, चोर कीं शेजाऱ्याचा कुत्रा, हें धन्यास उमगत नाहीं. जो एरव्हीं शांत असतो, तो भुंकला कीं माणूस अंथरुणांतून उठतो. तेव्हां कुत्र्यास शांत राहण्यास शिकविणें म्हणजे त्याची राखण करण्याची वृत्ति मारणें नव्हे. ती वृत्ति उपयोगी करणें होय.

तिसरी गोष्ट रोगाची. कुत्र्यांच्या झोंबाझोंबींत एकाची लाळ दुसऱ्याच्या जखमेंत जाते, आणि पिसाळण्याचा रोग याच मार्गानें पसरतो. शिवाय भांडणें सोडविण्यास धांवलेल्या माणसासहि दांत लागतात. या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं मनुष्य वांचणें जवळजवळ अशक्य असतें.

तापटपणाचें मूळ कोठें आहे?

परक्या कुत्र्यावर धांवून जाणारा कुत्रा शूर असतो, असा आपल्याकडे समज आहे. बहुतेक वेळां तो खोटा असतो. कुत्र्याच्या अशा वागण्याचीं मुख्य कारणें तीन सांगतां येतील.

पहिलें कारण भय. पिल्लूं सुमारें तीन आठवड्यांचें झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचें होईपर्यंत त्याचें मन नव्या गोष्टी स्वीकारण्यास विशेष तयार असतें. या काळांत त्यानें इतर शांत कुत्रीं पाहिलीं नाहींत, किंवा एखाद्या मोठ्या कुत्र्यानें त्यास फाडलें, तर पुढें परका कुत्रा म्हणजे संकट अशी त्याची गांठ पक्की होते. मग आपण अगोदर मोठ्यानें भुंकलों व अंगावर गेलों, तर समोरचा निघून जातो, हें तो शिकतो. वाटेनें जाणारा कुत्रा पुढें जातोच. आपल्या भुंकण्यामुळेंच तो गेला असें आपल्या कुत्र्यास वाटतें, आणि संवय दृढ होते.

दुसरें कारण कोंडमारा. दिवसभर बांधलेल्या कुत्र्यास दुसऱ्याजवळ जाऊन हुंगावयाचें असतें. साखळी जाऊं देत नाहीं. ही तगमग रागांत रूपांतर पावते. असा कुत्रा मोकळा असतांना कित्येकदां मुळींच भांडत नाहीं.

तिसरें कारण शरीरपीडा. कानांतील घाण, गोचिडांचा उपद्रव, दुखावलेला सांधा, जखमेंत पडलेले किडे, यांनीं त्रस्त झालेला कुत्रा दुसऱ्यास जवळ येऊं देत नाहीं. म्हणून शिक्षणास आरंभ करण्यापूर्वीं त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यांत एकदां दाखवून आणणें अगत्याचें आहे.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. तापट कुत्रा निराळा आणि पिसाळलेला निराळा. तापट कुत्रा दुसऱ्या कुत्र्यास पाहून भडकतो; तो निघून गेला कीं निवळतो, खातो, पितो, धन्यास ओळखतो. पूर्वीं शांत असलेला कुत्रा एकाएकीं बदलला, कारण नसतां चावूं लागला, लांकूड-दगडास दांत मारूं लागला, त्याचा आवाज घोगरा झाला, जबडा लोंबूं लागला, लाळ गळूं लागली किंवा तो दिशाहीन भटकूं लागला, तर तेथें शिक्षणाचा प्रश्नच उरत नाहीं. अशा कुत्र्यापासून माणसें व गुरें दूर ठेवून तत्काळ पशुवैद्यकास कळवावें.

मारानें काय होतें?

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनीं कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अन्नाशीं ज्या आवाजाची वारंवार सांगड घातली गेली, तो आवाज ऐकतांच, अन्न पुढें येण्यापूर्वींच, कुत्र्याच्या तोंडास लाळ सुटूं लागली. एकामागून एक येणाऱ्या दोन गोष्टींची कुत्रा मनांत गांठ मारतो, हा त्याचा इत्यर्थ. आतां परका कुत्रा दिसला आणि लगेच पाठींत काठी बसली, तर गांठ कोणती पडेल? परका कुत्रा आला म्हणजे दुखतें, हीच. मारानें कुत्रा कांहीं काळ गप्प होईल. परंतु त्याचें भय वाढेल. त्यांतहि जो कुत्रा गुरगुरण्याबद्दल मार खातो, तो गुरगुरणें सोडून एकदम चावण्यास शिकतो. म्हणजे धोक्याची सूचना तेवढी नाहींशी होते आणि धोका कायम राहतो. अमेरिकेंतील पशुवैद्यकांच्या प्राणिवर्तनविषयक संस्थेनेंहि २०२१ सालीं शिक्षेऐवजीं बक्षिसाच्याच मार्गानें कुत्र्यांस शिकवावें, असा स्पष्ट अभिप्राय दिला आहे.

भय घालविण्याचा मार्ग याच नियमांतून निघतो. १९२४ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनीं पीटर नांवाच्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा सशास फार भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असतांना पिंजऱ्यांतील ससा खोलींत दूर ठेवण्यांत येई आणि मुलाच्या कलानें रोज थोडा थोडा जवळ आणला जाई. अखेर तो मुलगा सशास आपलीं बोटें चाटूं-कुरतडूं देण्याइतका निर्भय झाला. यांतील मर्म दोन गोष्टींत आहे. भयाची वस्तु सोसवेल इतक्याच अंतरावर ठेवणें ही एक, आणि तिच्यासोबत नेहमीं कांहीं तरी गोड येणें ही दुसरी. आपल्या कुत्र्याविषयीं करावयाचें तेंहि नेमकें एवढेंच आहे.

पूर्वतयारी

प्रथम कुत्र्यास पिसाळण्याच्या रोगावरील लस टोचून घ्यावी. पिल्लांस ती साधारणतः तीन महिन्यांच्या वयास देतात व पुढें पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणें, बहुधा दरवर्षीं, पुन्हां देतात. लस न टोचलेला कुत्रा परक्या कुत्र्यांजवळ शिक्षणासाठीं नेऊं नये.

गळ्यांतील पट्ट्याऐवजीं छातीवरून व पाठीवरून येणारा पट्टा वापरावा. गळ्यास हिसका बसला, कीं दुखतें, आणि तें दुःख कुत्रा समोरच्या कुत्र्याच्या माथीं मारतो. असा पट्टा विकत घेणें शक्य नसल्यास चांभाराकडून जुन्या कातड्याचा करवून घ्यावा. काखेंत घासणार नाहीं एवढें पाहावें. दोरी मऊ, मजबूत आणि सहा-सात हात लांब असावी. ती हातांत सैल धरावी. आपण घाबरून दोरी आवळतों, तेव्हां कुत्र्यास तीच संकटाची खूण वाटते.

बक्षिसासाठीं रोजच्या भाकरीहून वरचढ असें कांहीं तरी पाहिजे. उकडलेल्या अंड्याचे किंवा कोंबडीच्या काळजाचे हरभऱ्याएवढे तुकडे, अथवा भाजलेली सुकट, यांपैकीं काय त्यास अधिक आवडतें तें पाहावें. कांदा कुत्र्यास बाधतो, म्हणून कालवणांतील तुकडे देऊं नयेत. हें बक्षीस एरव्हीं कधींहि न देतां केवळ शिक्षणाच्या वेळींच द्यावें.

पहिले आठ दिवस दुसऱ्या कुत्र्याचें नांवहि काढूं नये. घराच्या अंगणांत दोन गोष्टी शिकवाव्या. नांवानें हांक मारतांच कुत्र्यानें आपल्या तोंडाकडे पाहावें, ही पहिली. आणि “चल मागें” म्हणतांच त्यानें आपल्याबरोबर वळून विरुद्ध दिशेस चालावें, ही दुसरी. प्रत्येक वेळीं त्यानें केलें कीं तुकडा द्यावा. या दोन गोष्टी अंगणांत दहांपैकीं नऊ वेळां बिनचूक झाल्या, म्हणजे पुढें जाण्यास हरकत नाहीं.

प्रत्यक्ष शिक्षण

आतां एखाद्या शेजाऱ्यास त्याचा वयस्क व शांत कुत्रा घेऊन मदतीस बोलवावें. कापणीनंतरचीं मोकळीं खाचरें या कामास फार सोईचीं. त्यापूर्वीं गांवालगतचा माळ चालेल. रानाच्या कडेस व सांज पडल्यावर हा उद्योग करूं नये, हें बिबट्याच्या भागांत सांगणें अवश्य आहे.

शेजाऱ्यानें आपला कुत्रा घेऊन दूर उभें राहावें. आपण आपल्या कुत्र्यासह हळूहळू पुढें जावें व तो कोठें बदलतो तें पाहावें. कान ताठ होणें, तोंड मिटणें, अंग आंखडणें, शेपटी वर जाऊन थरथरणें, नजर खिळणें, तोंडापुढें धरलेला तुकडा न घेणें, या खुणा दिसल्या कीं अंतर कमी झालें असें समजावें व मागें यावें. ज्या अंतरावर तो समोरचा कुत्रा पाहतो, पण तुकडाहि खातो आणि हांकेस मान वळवितो, तें अंतर पावलांनीं मोजून ठेवावें. कोणाचें तें वीस पावलें भरेल, कोणाचें शंभर. शिक्षणाचा आरंभ तेथून करावा.

त्या ठिकाणीं उभें राहून आपल्या कुत्र्यानें समोरच्याकडे पाहिलें, कीं लगेच तुकडा द्यावा. पुन्हां पाहिलें, पुन्हां तुकडा. शेजाऱ्यानें आपला कुत्रा झुडुपाआड नेला, कीं तुकडे बंद. क्रम उलटा होऊं देऊं नये. आधीं परका कुत्रा दिसावा व मागून तुकडा यावा. आधीं तुकडा दाखवून मागून कुत्रा आणला, तर तुकडा पाहूनच तो सावध होऊं लागेल. कांहीं दिवसांनीं एक चमत्कार दिसतो. परका कुत्रा दिसतांच आपला कुत्रा त्याच्यावर न धांवतां आपल्याच तोंडाकडे अपेक्षेनें पाहूं लागतो. ही खूण दिसली, म्हणजे जुनी गांठ सुटून नवी बसूं लागली असें जाणावें.

एका वेळेस पांच ते दहा मिनिटें पुरेत. दिवसांतून दोन वेळां. कुत्रा थकण्यापूर्वीं व आपण कंटाळण्यापूर्वीं थांबावें. एका अंतरावर लागोपाठ तीन वेळां सर्व नीट झालें, तरच पुढच्या वेळीं पांच पावलें पुढें जावें. मध्यें तो भुंकून उठला, तर रागावूं नये. “चल मागें” म्हणून वळावें आणि पुढील दोन दिवस दहा पावलें मागूनच काम करावें. चूक त्याची नसून अंतर मोजणाऱ्या आपली असते.

अंतर बरेंच कमी झालें, म्हणजे उभें राहण्याऐवजीं चालावें. दोन समांतर बांधांवरून दोघांनीं आपापले कुत्रे घेऊन एकाच दिशेनें चालावें. मध्यें प्रथम दोन खाचरें, मग एक. समोरासमोर येणें कुत्र्यांस आव्हान वाटतें. एकाच वाटेनें बरोबर चालणें तसें वाटत नाहीं. रस्त्यावर अकस्मात् परका कुत्रा समोर आला, तरी नाकासमोर न जातां वांकण घेऊन बाजूनें जावें.

आपल्या कुत्र्यानें साऱ्या जगाच्या कुत्र्यांशीं मैत्री करावी, हा या शिक्षणाचा हेतु नव्हे. तो दहा-पंधरा पावलांवरून शांतपणें निघून जाऊं शकला, कीं शेतकऱ्याचें काम झालें. हुंगण्यास जवळ नेण्याची घाई केल्यानें महिन्याचे कष्ट क्षणांत वायां जातात.

टाळावयाच्या चुका

शिक्षणाचे दिवस चालू असतां कुत्र्यास रस्त्याच्या कडेस बांधून ठेवणें, ही सर्वांत मोठी चूक. सकाळीं दहा मिनिटें शांतपणा शिकवावा आणि उरलेला दिवस त्यास भुंकण्याचा सराव करूं द्यावा, अशानें कांहीं साधत नाहीं. गोठ्यामागें, वाट दिसणार नाहीं अशा ठिकाणीं, बांबूच्या किंवा जाळीच्या कुंपणांत त्यास मोकळा ठेवावा. आंखूड अथवा जड साखळीनें जनावरास दीर्घकाळ जखडून ठेवणें, तसेंच उपासमार होईल अशा रीतीनें त्यास टाकून देणें, या दोन्ही गोष्टी प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वयें गुन्हा आहेत. त्रासदायक कुत्रा तानसाच्या रानांत सोडून देण्याचा विचार कोणीं मनांतहि आणूं नये. तो बिबट्याच्या तोंडीं पडतो, नाहीं तर रानांतील भेंकरां-चौशिंग्यांच्या पाठीं लागतो.

असा कुत्रा म्हसा येथील पौष पौर्णिमेच्या यात्रेस किंवा बाजारास “संवय व्हावी” म्हणून नेणें, ही दुसरी चूक. गर्दींत अंतर आपल्या हातीं राहत नाहीं. पोहण्यास शिकविण्याकरितां मुलास पुराच्या पाण्यांत ढकलावें, त्यांतलाच हा प्रकार.

तिसरी चूक खाण्याची. घरीं दोन कुत्रे असतील, तर त्यांस वेगवेगळ्या कोपऱ्यांत खाऊं घालावें. हाडूक एकत्र टाकूं नये. नराचें खच्चीकरण केल्यानें माजावरील कुत्रीसाठीं होणारीं भांडणें कमी होतात व पिल्लांचा प्रश्नहि सुटतो; परंतु भयामुळें धांवून जाणाऱ्या कुत्र्यास तेवढ्यानें गुण येईलच असें नाहीं. शिक्षण त्यासहि लागतेंच.

इतकें करूनहि झुंज जुंपलीच, तर मध्यें हात किंवा पाय घालूं नये. घागरभर पाणी ओतावें, दोघांच्या मध्यें फळी सारावी किंवा अंगावर बारदान टाकावें. माणसास दांत अथवा ओरखडा लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. तिच्यांत चुना, तिखट, हळद, कांहीं भरूं नये. त्याच दिवशीं शासकीय रुग्णालयांत जावें व डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांस लस घ्यावी. एकहि टोचणी चुकवूं नये.

मेंढपाळ येतील तेव्हां

कळप बसविण्याची बोलणी करतांनाच आपल्याकडे कुत्रा आहे व तो कसा आहे, हें मेंढपाळास सांगावें. कळप येण्याच्या वेळीं कुत्रा कुंपणांत असावा. दुसरे दिवशीं उजेडीं, कळपाचे कुत्रे बांधलेले किंवा मेंढपाळाच्या हांकेंत असतांना, आपला कुत्रा दोरीनें धरून दूरच्या बांधावरून एक फेरी मारावी व प्रत्येक वेळीं तो तिकडे पाहील तेव्हां तुकडा द्यावा. मेंढ्यांची राखण करणारे कुत्रे आपलें काम करीत असतात. त्यांच्या जाळ्याजवळ परका कुत्रा नेणें हा त्यांच्यावरहि अन्याय आहे.

रात्रीं कुत्रा उघड्यावर बांधूं नये. गोठ्याच्या भिंतीस लागून, वरून व चारी बाजूंनीं बंद अशी जागा करावी. तेथून त्यास वास येतो, ऐकूं येतें आणि भुंकतांहि येतें. बिबट्यास मात्र त्याच्यापर्यंत पोंचतां येत नाहीं.

घरीं नवें पिल्लूं आणावयाचें असेल, तर तें सात-आठ आठवड्यांपूर्वीं आईपासून तोडूं नये. आणल्यावर त्यास कडेवर घेऊन किंवा टोपलींत बसवून शेजारचीं शांत कुत्रीं, गुरें, शेळ्या, बैलगाडी, सर्व दुरून दाखवावें. टोचण्या पुऱ्या होईपर्यंत परक्या कुत्र्यांच्या वाटेवर त्यास जमिनीवर सोडूं नये. या चार आठवड्यांत घेतलेले कष्ट पुढील दहा वर्षें उपयोगी पडतात.

दोन आक्षेप

कोणी म्हणतील, शेतकऱ्यास एवढा वेळ कोठें? दिवसाचीं वीस मिनिटें लागतात. आणि तीं घरांतील दहा-बारा वर्षांवरील समंजस मुलासहि, वडील माणूस जवळ असतां, देतां येतात. एका मेंढीच्या भरपाईचा व दोन खाचरांच्या गेलेल्या खताचा हिशेब मांडला, तर हा वेळ महाग पडत नाहीं. दुसरा आक्षेप असा, कीं तुकड्यांची चटक लागलेला कुत्रा चोरानें टाकलेल्या तुकड्यासहि भुलेल. परंतु कुत्रा तुकडे धन्याच्या हातून व धन्याच्या हांकेवर घेण्यास शिकतो. जमिनीवर पडलेलें न उचलण्याची शिस्तहि त्यास याच रीतीनें लावतां येते.

मोतीनंतर आम्हीं राजा नांवाचा कुत्रा पाळला. तोहि दीड वर्षाचा असतां वाटेवरील कुत्र्यांवर धांवूं लागला. त्याचें आरंभींचें अंतर साठ पावलें भरलें. श्रावण वद्यांत आरंभ केला. पहिल्या पंधरवड्यांत पांच पावलांपलीकडे प्रगति झाली नाहीं, आणि एकदां तर गल्लींतील कुत्रा अवचित समोर आल्यानें आम्हांस पुन्हां मूळपदावर यावें लागलें. आश्विन संपेपर्यंत तो बारा पावलांवरून दुसऱ्या कुत्र्याकडे पाहून आमच्याकडे मान वळवूं लागला. त्याहून जवळ तो आजहि कोणास येऊं देत नाहीं, आणि आम्हीहि तसा आग्रह धरीत नाहीं.

त्या कार्तिकांत आमच्या खाचरांत पुन्हां कळप बसला. पहिली रात्र राजा निमूट होता. जाळ्यापलीकडील कुत्रे मधून मधून भुंकत, हा कान टवकारून पडून राही. दुसऱ्या रात्रीं तो एकाएकीं भुंकूं लागला आणि थांबेना. घरांतील सर्व माणसें उठलीं, मेंढपाळांनीं शेकोट्या चेतविल्या, विजेऱ्या फिरल्या. दिसलें कांहींच नाहीं. सकाळीं गोठ्यामागच्या ओल्या मातींत बिबट्याचीं पावलें उमटलेलीं होतीं. मेंढरूं एकहि कमी झालें नव्हतें, आणि कळप ठरल्याप्रमाणें तिसरी रात्रहि बसला.

घाटावरचे कळप उतरण्यास अद्याप दोन महिने आहेत. ज्या सभासदांच्या घरीं असा कुत्रा असेल, त्यांनीं या आठवड्यांत त्यास लस टोचून घ्यावी, त्याचें अंतर पावलांनीं मोजावें आणि घटस्थापनेपूर्वीं कामास आरंभ करावा.